बटणांच्या सिनेमाचा शेवट

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. थोरली असल्यामुळे ते द्यावेच लागतात म्हणून देते. मनापासूनचे पुढे कधीतरी. वि. वि.

काल मी बटणांचा सिनेमा पाहिला. तोच फ्रेंच, ज्याची गोष्ट तू डिसेंबरात मला आठ पानी पत्रात लिहून पाठवली होतीस. आमच्या वाचनालयाच्या सभागृहात हल्ली महिन्यातून एकदा बाहेरचा सिनेमा दाखवतात. आमच्या दातांच्या लॅबमध्ये फोन घेते ती मुलगी हट्टाला पेटली, म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना बाबांजवळ बसवून गेले. म्हटलं, गोष्ट पाठ आहे, पण पाठ असलेली गोष्ट बघायला काय हरकत.

पावणेदोन तास मी तुझं कौतुक करत बसले होते. दुकान तू लिहिलं होतंस तसंच. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर नमुन्याचं एकेक बटण शिवलेलं. वरच्या मजल्यावर तिचा म्हातारा बाप काठीने जमीन ठोकतो. एकदा ठोकलं की चहा, दोनदा ठोकलं की औषध, तीनदा ठोकलं की नुसताच राग. तो बसड्रायव्हर रोज आपल्या कोटाचं एक बटण तोडून घेऊन येतो आणि जुळणारं समोर असताना न जुळणारं मागतो. अर्ध्या सिनेमात त्याचा कोट म्हणजे जत्रा होते. ती बाई सुईत दोरा ओवताना त्याच्याकडे बघत नाही आणि दर वेळी बोटाला टोचून घेते. सगळं बरोबर. लोक हसले तिथे मीही हसले, आणि शेजारच्या मुलीला आधीच सांगत होते की आता बघ, आता तो हिरवं मागेल.

मग शेवट आला. त्याची बदली झालेली असते, बस दुकानासमोर उभी असते, ती बॅग घेऊन दारात, आणि वरून काठी वाजते. इथपर्यंत तुझं पत्र. तू लिहिलंस की ती बॅग खाली ठेवते, जिना चढते, बस निघून जाते आणि ती सांडलेली बटणं रंगाप्रमाणे लावत बसते. पडद्यावर ती जिना चढली खरी. पण वर जाऊन तिने बापाच्या हातातली काठी काढून घेतली आणि खिडकीतून खाली फेकली. ती काठी बसच्या टपावर पडली. ती खाली आली, बसमध्ये बसली आणि गेली. आणि तो म्हातारा, जो सिनेमाभर पलंगावरून हलला नव्हता, काठीसाठी ओरडत जिना उतरून थेट रस्त्यावर आला. अख्खं गाव त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं. सभागृहही वाजवत होतं. मी तेवढी हातावर हात ठेवून बसले होते.

आपल्या घरात सिनेमाला दर रविवारी एकच तिकीट परवडायचं. एका रविवारी तू, एका रविवारी मी. जी जाईल तिने संध्याकाळी स्टुलावर बसून दुसरीला गोष्ट सांगायची. बाबा कोर्टात लघुलेखक. त्यांनी घातलेला नियम तू विसरली नसशील. पाहिलं तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. तुझं लग्न झाल्यावर आपण हेच पत्रातून चालवलं. इतक्या वर्षांत मी तुझ्या एका शब्दावर शंका घेतली नाही.

तुझ्या त्या डिसेंबरातल्या पत्राच्या आदल्याच आठवड्यात मी तुला लिहिलं होतं की आमच्या इमारतीचे लिफ्टवाले, जे दुरुस्तीला येतात ते, त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. जिन्यात विचारलं. चालत्या लिफ्टमध्ये महत्त्वाचं बोलायचं नाही असा त्यांचा नेम आहे म्हणे. मी विचार करून सांगते म्हटलं होतं. आणि मग तुझं पत्र आलं. बाबांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, इतक्या गोड, इतक्या खुळ्या सिनेमातसुद्धा त्या बाईला बापाला सोडून जाता येत नाही, तर मी कोण लागून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी अवजारांची पेटी उचलली आणि पायऱ्यांनी खाली गेले. स्वतःची लिफ्ट चालू असताना.

पन्नाशी उलटलेली बाई सिनेमा ऐकून निर्णय घेते का, असं विचारून मला हसू नकोस. मला उत्तर हवं आहे. शेवट का बदललास?

लोभ होता तेवढा आहे. वाढवायची घाई नाही.

तुझी अक्का


ता. ११ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे, तेव्हा आता ताठ मानेने लिहिते.

हो, बदलला. चुकून नाही, विसरून नाही. त्या दिवशी आमच्या टेबलाशी बसून, शुद्धीत.

तुझं ते आधीचं पत्र काढून बघ, म्हणजे प्रत ठेवत असशील तर. चार पानं लिफ्टवाल्यांवर. त्यांची शिट्टी, त्यांचे तेलाचे हात, ते तुझ्यासाठी लिफ्ट कशी धरून ठेवतात. आणि खाली, सहीच्या वर, एक ओळ. बाबांचं तुझ्याकडे कसं जमवायचं ते बघून ठेव. विचारलंसुद्धा नाहीस, अक्का. हॉटेलात मी रोज गाठोडी बांधते. या खोलीच्या चादरी त्या गाडीत, त्या खोलीच्या या गाडीत. तू बाबांचं गाठोडं बांधून माझ्या गाडीत टाकलंस आणि शिट्टी ऐकायला मोकळी झालीस.

आमच्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस. आतल्या खोलीत सासूबाई असतात. त्या आता मला ओळखत नाहीत. नवी कामवाली समजून रोज सकाळी पगार किती घेतेस विचारतात, आणि मी काही घेत नाही म्हटलं की चोरी करत असशील म्हणतात. उशीच्या अभ्र्यात जेवण लपवतात. नळ उघडा सोडतात. आमचे हे शीतगृहात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात, म्हणून भांडणसुद्धा हळू आवाजात करावं लागतं. मी दिवसभर परक्यांच्या चादरी मोजते आणि घरी येऊन घरच्या धुते. यात बाबांना कुठे ठेवू? टपावर?

आता सिनेमाचं. तुला वाटत असेल मला तो आवडला नाही म्हणून मी त्याचं वाटोळं केलं. उलट आहे. मला तो इतका आवडला की मी खुर्चीत टाचेने ठेका धरला होता. बाहेर पडल्यावर स्टॉपवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरच्या शर्टाची बटणं बघत होते, वेड्यासारखी. दोन बस सोडल्या. असे सिनेमे काय करतात माहीत आहे का? दोन तास आपल्याला वाटायला लावतात की जगातल्या सगळ्यांच्या मनात आपल्याविषयी चांगलंच आहे, फक्त सांगायला लाजत आहेत. पानवाला, पोस्टमन, दुकानातलं मांजर, सगळे आपल्या बाजूचे. मी तशीच हसत घरी आले आणि दार उघडलं तर घोट्याएवढं पाणी.

पाणी उपसताना मला त्या बाईचा इतका राग आला की विचारू नकोस. काठी फेकायला काय जातं? बाप जिना उतरला, टाळ्या झाल्या, पडदा पडला. दुसऱ्या दिवशी त्याला चहा कोणी दिला ते दाखवलं का? तिची धाकटी बहीण कुठे होती? फ्रेंच लोकांत बापाला एकच मुलगी असते वाटतं. मग मी तिला जिना चढवला आणि वरच ठेवली. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

लग्न कर, मी कुठे अडवलं? पण नियम मी मोडला म्हणून नाकाने कांदे सोलू नकोस. स्टुलावर बसून सांगायची वेळ माझी असली की तू अर्ध्यात उठून बाबांचा चहा ठेवायचीस आणि बाबा म्हणायचे, बघ थोरली कशी आहे. मला त्या घरात फक्त सिनेमाच नीट सांगता यायचा. बाकी सगळ्यात तूच पहिली.

राग धरशील तर धर. त्यात थोडी जागा माझ्यासाठी ठेव.

तुझी धाकटी


ता. १७ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद या वेळी पुढे ढकलले आहेत.

तुझ्या सासूबाईंचं एवढं झालंय हे मला माहीत नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस. तुझी पत्रं म्हणजे सिनेमे आणि हॉटेलातल्या पाहुण्यांचे नमुने. ती वाचून मला वाटायचं, धाकटीचं बरं चाललंय. ती एक ओळ मी तशी लिहायला नको होती, हे मान्य. पण तुला नाही म्हणता येत नव्हतं का? नाही म्हणायला तुला एक फ्रेंच बाई, एक बस आणि आठ पानं लागली. दोन अक्षरांचं काम होतं. तू दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस आणि गोळी माझ्या लिफ्टवाल्यांना लागली. आता आमच्या इमारतीत दुसराच माणूस येतो. तेल कमी घालतो, बोलतो जास्त.

पण मी आज लिहायला बसले ते तुझ्यासाठी नाही. तुझं मागचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. प्रत्येक पत्र वाचायचं ही घरची रीत, म्हणून त्यांनी विचारलं की काय लिहिते. मी म्हटलं काही नाही, बरी आहे. बोलता बोलता मला डिसेंबरातली ती संध्याकाळ आठवली. मी तुझं पत्र वाचत होते, बाबा नेहमीसारखे मध्ये मध्ये अडवत होते. कोट कोणत्या रंगाचा, दुकानाचं दार कुठल्या बाजूला, काठी वेताची की लाकडाची. शेवट आल्यावर मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ज्या माणसाने आपल्याला नायिकेने चप्पल घातली होती का तेसुद्धा विचारलं, तो एवढंच म्हणाला की जेवायला वाढ.

मी काल त्यांना सरळ विचारलं. शेवट खोटा आहे हे त्या दिवशीच कळलं होतं का तुम्हाला? ते म्हणाले, जेवण थंड होतंय. मी परत विचारलं. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि जेवायला लागले.

म्हणजे एकीने खोटं सांगितलं, दुसऱ्याने ओळखून ते चालू दिलं आणि मधल्या मध्ये विश्वास ठेवणारी मी एकटी. अळीमिळी गुपचिळी. मी दिवसभर मेणात लोकांचे दात बसवते, धाकटे. वरचा खालच्यावर नीट बसला नाही तर माणसाला जेवता येत नाही, म्हणून केसाएवढा फरकसुद्धा मी घासून काढते. आणि माझ्या घरात माझ्याच तोंडात कोणीही काहीही बसवून गेलं.

आज लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं की बरं नाही का. मी म्हटलं, फार बरं आहे, इतकं बरं मला कधी नव्हतं. आणि ते खरं निघालं. राग येतो तेव्हा माणसाला स्वतःचं वजन कळतं.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

अक्का


ता. २१ मार्च

चि. धाकटीस वडिलांचे आशीर्वाद. वि. वि.

बऱ्याच वर्षांनी स्वतः लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर ती माझी चूक नाही, वयाची आहे.

तुझी अक्का परवा सकाळी कामावर गेली ती परत आली नाही. दुपारी शेजारच्या शिंपीणबाईंकडे तिचा निरोप आला की ती लॅबमधल्या मुलीकडे राहते आहे, बाबांना सांगा की साखर वरच्या फळीवर आहे आणि गॅस दाबून मग डावीकडे फिरवायचा असतो. एवढंच. मी दाबला, फिरवला, आणि भुवया गेल्या. शिंपीणबाई हसत होत्या. त्यांच्या हसण्याचा मला राग आला, पण चहा त्यांनीच केला म्हणून बोललो नाही.

आता तुम्हा दोघींची पत्रं मी वाचली आहेत. अक्काच्या कपाटाला कुलूप नसतं. तुझं वाचलं, आणि तिने प्रती ठेवल्या आहेत त्याही वाचल्या. आणि मला संताप आला आहे. एक म्हणते बाबांचं जमवायचं, दुसरी म्हणते बाबांना कुठे ठेवू. मी काय न नेलेलं पार्सल आहे? माझ्या गैरहजेरीत खटला चालवलात, निकालही लावलात, आणि आरोपीला समन्ससुद्धा नाही. मला कुठे राहायचंय हे तुमच्यापैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. मला इथेच राहायचं आहे. ही खिडकी, हा रेडिओ, आणि खालच्या बाकावरचे ते तिघे मूर्ख, ज्यांना मी पत्त्यांत रोज हरवतो. तुझ्याकडे यायची माझी मुळीच इच्छा नाही. तुझ्या सासूबाई मला माळी समजतील.

शेवटाचं विचारशील, तर हो. वाचतानाच कळलं. सात पानं तू मला बटणांचे रंग सांगत होतीस, आणि आठव्यावर बाई वर गेली, बस गेली, संपलं. साक्षीदार खोटं बोलायला लागला की तपशील आटतो. उभा जन्म मी ते ऐकलं आहे. मी हरकत घेतली नाही. कारण ते उत्तर मला सोयीचं होतं. अक्का घरात राहणार होती, आणि ती का राहते आहे याची चौकशी करायचं कारण मला नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मी जेवत राहिलो, कारण तिच्या तोंडाकडे बघून हे सांगता आलं नसतं. तुझ्याकडे बघावं लागत नाही, म्हणून तुला लिहितो.

त्या सिनेमातल्या म्हाताऱ्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. तो जिना उतरू शकत होता तर इतके दिवस काठी का आपटत होता, हे लिहिणाऱ्याने नीट ठरवलेलं दिसत नाही. लोक अशा सिनेमांना हसतात कारण त्यात म्हातारी माणसं शेवटी सोंग करत होती असं निघतं. मला खरोखर जिना उतरता येत नाही. गुडघा बघून जा. पण चहा करता येतो की नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आज दुसऱ्यांदा केला. वाईट झाला. प्यायलो.

मी त्या वर-खाली करणाऱ्या माणसाकडे जाऊन रदबदली करणार नाही. मी त्याला दोनदाच पाहिलं आहे आणि तो जोरात बोलतो, जणू मी बहिराच आहे. ते अक्काचं काम. तुझं काम एवढंच की यापुढे तिला जे लिहिशील ते धड लिही.

कळावे. पत्राचं उत्तर माझ्या नावे पाठव, घराच्या नावे नाही.

तुझे बाबा


ता. २० एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि वरचा पत्ता उतरवून घे. आता पत्रं इथे येतील.

मी स्वतःच गेले. दुसऱ्या लिफ्टवाल्याकडून पत्ता काढला. ते एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत होते, दंडापर्यंत काळे. मला वाटलं होतं मला बघून त्यांना बरं वाटेल. त्यांना राग आला. इतक्या शांत माणसाला एवढा राग येतो हे मला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. तुझं पत्र, खोटा शेवट, बाबांचं गप्प बसणं. ते म्हणाले, म्हणजे जिन्यात मला नाही म्हटलं ते तुम्ही म्हटलं की त्या सिनेमातल्या बाईने? मी म्हटलं, बाईने, तेही माझ्या बहिणीने केलेल्या बाईने. ते म्हणाले की इतक्या लोकांच्या मागे आपला नंबर असेल तर कळवायला हवं होतं, डबा आणला असता. मीही चिडले. म्हटलं, एक नाही ऐकून पेटी उचलून पळणाऱ्याने रुसू नये, का म्हणून विचारलं असतंत तर तिथेच निस्तरलं असतं. खाली तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती आणि आतले लोक दार बडवत होते. त्यांनी मला थांबायला सांगितलं, आधी त्या लोकांना सोडवलं, हात पुसले आणि परत येऊन म्हणाले की ते दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. म्हणून मग मी विचारलं. गोड आवाजात नाही, सांगून ठेवते. ते हो म्हणाले, तेही चिडूनच.

गेल्या सोमवारी नोंदणी कचेरीत लग्न झालं. तुला बोलावलं नाही. राग होता आणि तो मला पुरता काढायचा होता. बाबा आले होते, शिंपीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. कचेरीतला कारकून किती हळू लिहितो यावर ते सगळा वेळ बोलले आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना म्हणाले की पाच वाजता मी चहा घेतो, यायचं असेल तर ये. मी जाते. दोन चौक सोडून आहे घर. ते चहा करतात. अजून वाईटच होतो. त्या दिवशी यंत्र काढून का ठेवलं होतं ते त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही. तुला लिहिलंय, ते मला ठाऊक आहे. मला सांगेपर्यंत मी त्या चहाला बरा म्हणणार नाही.

इथे काही संगीत वाजत नाही, धाकटे. पहिल्याच सकाळी आमचं खिडकीवरून वाजलं. त्यांना उघडी लागते आणि मला बंद. शिट्टी चार पानं लिहिण्याइतकी गोड नाही, एकच ओळ येते आणि तीही चुकीची. सिनेमाचा मी पुष्कळ विचार केला. तो बघून बरं वाटतं ते त्या बाईला बस मिळते म्हणून नव्हे. तिने जावं म्हणून अख्खं गाव दाराशी येऊन उभं असतं, त्याने बरं वाटतं. माझ्यासाठी कोणी उभं नव्हतं. तू जिन्यात आडवी, बाबा जेवणावर वाकलेले. मी रागाच्या जोरावर निघाले. तसंही पोचता येतं.

चार महिने गेले त्याचा राग अजून आहे. माझ्या वयात चार महिने म्हणजे चिल्लर नव्हे.

आता काम. मेमध्ये आठ दिवस आम्ही समुद्राकडे जायचं म्हणतो. मला समुद्र बघून तीस वर्षं झाली. तेवढे दिवस बाबांपाशी कोणीतरी लागेल. हे मी सहीच्या वर एका ओळीत लिहीत नाही, नीट विचारते आहे. तू येऊन राहशील का, किंवा त्यांना तिकडे नेशील का? हो की नाही ते लिही. कारणं लिहायची गरज नाही, आणि गोष्ट तर नकोच.

लोभ जिथे ठेवला होता तिथे आहे. धूळ झटकून घ्यावी लागेल.

तुझी अक्का


ता. २६ एप्रिल

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

नाही. मला येता येणार नाही आणि त्यांना इथे आणता येणार नाही.

हे दोन वेळा लिहून फाडलं. पहिल्यांदा त्यात सासूबाईंच्या तापाची भर घातली होती, त्यांना ताप नाही. दुसऱ्यांदा जमलं तर बघते असं लिहिलं, आणि जमणार नाही हे लिहिताना मला माहीत होतं. तू कारणं नकोत म्हणालीस म्हणून देत नाही, पण कारणं न देता राहणं फार जड जातं. वाटतं की मी वाईट आहे असंच वाचलं जाईल. तर तसं वाच.

लग्नाला बोलावलं नाहीस याचा मला भयंकर राग आला आहे. साडी नेसून कपाटासमोर उभी होते असं काही नाही. कळलं तेव्हा मी अभ्रे मोजत होते, आणि आकडा चुकला. परत पहिल्यापासून मोजले.

लिफ्टवाल्यांना काय म्हणायचं ते कळव. भाऊजी म्हणायला माझी तयारी आहे, पण त्यांनी आधी माझ्यावर ओरडून घ्यावं.

उरलेला लोभ पाठव, कमी असला तरी चालेल.

धाकटी


ता. ३० एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद, मनापासून.

तुझं नाही पोचलं. मी दिवसभर चिडले. दोनदा साचा बिघडवला, घरी येऊन यांच्याशी भांडले, ते म्हणाले भाऊजी चालेल आणि ओरडायचं ते समोरासमोर ओरडेन. मग मी शिंपीणबाईंकडे गेले आणि त्यांना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. बाबांना विचारलं, तेही हो म्हणाले, वर शिंपीणबाईंचा चहा आपल्यापेक्षा बरा असतो हे पहिल्यांदा कबूल केलं.

आम्ही दहा तारखेला निघतो.

अक्का